घुमणाऱ्या खोलीचा विषय

फिजिक्सच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी भांडुपच्या माझ्या गोदामात एका बिल्डरच्या माणसाशी फोनवर भांडत होतो. सागवानी म्हणून त्याने माझ्या गळ्यात मारलेल्या दारांपैकी निम्मी दारं सागवानी नव्हती. त्याला तसाच होल्डवर ठेवून मी मॅडमचा फोन घेतला. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीने अजून विषय दिलेला नाही. वर्गात बाकी सगळ्यांचे आले. एकदा येऊन भेटाल का?"

"कसला विषय?"

"प्रेझेंटेशनचा. प्रत्येकाने फिजिक्समधला स्वतःला इंटरेस्टिंग वाटेल असा एक विषय निवडायचा आणि वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं."

"मग तुम्हीच द्या एखादा. ती करेल."

"तसं चालत नाही," मॅडम म्हणाल्या आणि वेळ सांगून त्यांनी फोन ठेवला. तोवर बिल्डरच्या माणसानेही ठेवला होता. तो पुढे कितीतरी दिवस माझा फोन उचलत नव्हता. त्या दारांचा राग माझ्या मनात अजून आहे.

माझा धंदा जुन्या दारंखिडक्यांचा. मुंबईत आता जिकडे तिकडे इमारती पाडून नव्या उभ्या करतात. लोक घरं रिकामी करून भाड्याच्या जागेत गेले की पाडकाम सुरू व्हायच्या आधी मी आत शिरतो. दारं, चौकटी, ग्रिल, कडप्प्याचे ओटे, पितळेचे नळ, जे निघेल ते काढून आणतो आणि विकतो. वडील गिरणीत होते, गिरणी गेली तेव्हा आमच्याकडे गावच्या फणसाच्या पाटांशिवाय लाकडाचं काही नव्हतं. मला या धंद्यात कुणी आणलं नाही, कुणी बोट धरलं नाही. बोलून बोलून मी इथवर आलो. समोरच्याला काय हवंय ते त्याच्या आधी ओळखायचं आणि आपल्याला काय हवंय ते शेवटपर्यंत सांगायचं नाही, एवढंच मला येतं.

माझी बायको आदल्या वर्षी गेली. बरेच महिने अंथरुणावर होती, त्यामुळे अचानक काही घडलं असं म्हणता येत नाही. लोक विचारायचे, कसा आहेस. मला काही होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावलं तर बोटाला गाल कळतो, गालाला बोट कळत नाही, तसं माझं चाललं होतं. मी रोज कामावर जात होतो आणि रोज कुणाशी तरी भांडत होतो. आमची एकुलती एक मुलगी तेव्हा दहावीला होती. तिने परीक्षा दिली, चांगले मार्क आणले, घाटकोपरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. हे सगळं तिने फारसं न बोलता केलं. मी ते चांगलं लक्षण धरलं. पोर समजूतदार आहे, असं मी सगळ्यांना सांगायचो.

मॅडम वयाने लहान होत्या, माझ्या पुतणीएवढ्या. स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्यांनी मला खुर्ची दिली आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "ती वर्गात बोलतच नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. मी आधी म्हटलं, नवीन आहे, लाजत असेल. आता सहामाही होऊन गेली."

"घरीही कमीच बोलते," मी म्हणालो. "तिची आई गेली."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. विषय कुठलाही असू दे, पण तिने निवडला पाहिजे आणि उभं राहून बोललं पाहिजे. नाही बोलली तर इंटर्नलचे मार्क जातील, पण मला मार्कांची तेवढी काळजी नाही."

मला मात्र मार्कांचीच होती. मी विचारलं, "लिहून दिलं तर? वहीभर लिहील ती."

"नाही. बोलायचंच आहे."

"मग पाच मिनिटं करा."

"दहा."

"सात."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका, मी इथे भाजी विकायला बसलेली नाही."

मला राग आला. भाव करणं म्हणजे अपमान, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. पण मी दुसऱ्या बाजूने विचारलं, की बाकी मुलांनी काय काय घेतलंय. त्यांनी यादी वाचून दाखवली. कृष्णविवर, टाइम ट्रॅव्हल, अणुऊर्जा, लेझर, रॉकेट. चांगला माल सगळा उचललेला होता.

"शनिवारपर्यंत सांगा," मॅडम म्हणाल्या. "तिला सांगा, मोठा विषय हवा असं काही नाही. फक्त तिला त्याबद्दल खरंच काहीतरी जाणून घ्यावंसं वाटलं पाहिजे."

घरी आम्ही मुलुंडला राहतो. त्या संध्याकाळी मी पोळीभाजीच्या डब्याबरोबर विषयही घेऊन गेलो. वाटेत दोन-तीन जणांना फोन करून विचारून ठेवले होते. जेवताना तिच्यासमोर एकेक मांडला.

"मॅडम भेटल्या मला. चुंबक घेतेस?"

"सातवीत झालंय ते."

"वीज कशी पडते?"

तिने खांदे उडवले.

"पाणबुडी? विमान? अणू घे ना, ट्रॉम्बेचं अणुकेंद्र एवढं जवळ आहे. ओळख काढतो मी कुणाची तरी."

"तो गेला. एकाने घेतला."

"त्याच्याकडून सोडवून घेऊ. काय हवंय त्याला?"

"पप्पा, प्लीज."

"मग काय हवंय तुला? एवढी मोठी शाखा आहे विज्ञानाची, त्यात एक गोष्ट तुला आवडत नाही? का बोलायचंच नाहीये? तोंड दिलंय ना देवाने, मग बोल की."

मी ओरडलो होतो. तिने एका कानावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "घुमतंय."

मला तो उद्धटपणा वाटला. मी ताट तसंच सोडून उठलो.

त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी चहा, किल्ली आणि गॅस एवढ्यांपुरतंच बोललो. शनिवार येऊन गेला. मी मॅडमना फोन करून सोमवारपर्यंत मुदत वाढवून घेतली. तेवढं मात्र त्यांनी घासाघीस न करता दिलं.

रविवारी मला दिंडोशीला एका जुन्या वसाहतीत माल बघायला जायचं होतं. तिथल्या कोर्टाच्या मागच्या अंगाला एक इमारत नुकतीच रिकामी झाली होती. भांडण झाल्यापासून तिला एकटीला घरी सोडून जायला मला नको वाटत होतं, म्हणून म्हटलं, चल. ती काही न विचारता टेम्पोत येऊन बसली.

इमारतीत राहणारं कुणी उरलं नव्हतं. तळमजल्यावर माझे सुतार चौकटी ठोकून सैल करत होते. आम्ही वर गेलो. एका घरात शिरून मी दारं तपासायला लागलो. नखाने रंग खरवडायचा, खाली कुठलं लाकूड आहे बघायचं, बिजागऱ्या पितळेच्या की लोखंडाच्या ते बघायचं. घर सोडून गेलेल्या लोकांचं मी कधी काही मनावर घेत नाही. भिंतीवर कपाट होतं तेवढाच चौकोन स्वच्छ राहिलेला असतो, स्वयंपाकघरात तेलाचा डाग असतो. ते सगळ्यांच्याच घरात असतं.

ती आतल्या खोलीत होती. तिथून टाळी ऐकू आली. थोड्या वेळाने परत एक. मग ती "आ" म्हणाली, गाणं शिकणारी मुलं म्हणतात तसा लांब आवाज काढून.

"काय करतेस गं?"

ती दारात आली. "पप्पा, इथे आपल्या घरासारखं होतंय."

"रिकाम्या घरात होतंच तसं. सामान गेलं की आवाज घुमतो. मला विचार, मी रोज असल्याच घरांत असतो."

"पण आपलं घर रिकामं नाहीये."

"नाहीच आहे. सोफा आहे, फ्रिज आहे, टेबल आहे."

"तेच तर म्हणतेय. तरी घुमतं. आधी नव्हतं घुमत." ती परत आत गेली, पण बोलणं थांबवलं नाही. भिंतीपलीकडून तिचा आवाज मोठा होऊन येत होता. "मम्मीच्या बाराव्यानंतर सुरू झालं ते. मला आधी वाटलं माझ्या कानात काहीतरी झालंय. मी बोलले की माझंच मला परत ऐकू यायचं. म्हणून मग मी कमी बोलायला लागले."

"आणि कॉलेजात? तिथे कशाला गप्प बसतेस?"

तिने आत आणखी एक टाळी वाजवली. मग ती म्हणाली, "सवय गेली."

मी हातातली बिजागरी खिशात टाकली. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं आणि मी ते समजूतदारपणाच्या खात्यात टाकत होतो. तिथे उभ्या उभ्या मला वाईट वाटायला हवं होतं. मला एवढंच सुचलं, की बाराव्यानंतर काय बदललं, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या मोठ्या बहिणीने घर साफ केलं होतं.

त्या दिवशी मी मढला गेलो होतो. शूटिंगला भाड्याने देतात तसला एक बंगला मालकाला नव्याने करायचा होता आणि जुन्या खिडक्या फुकटात निघत होत्या. संध्याकाळी घरी आलो तर बायको झोपायची ती गादी गेलेली, गोधड्या गेलेल्या, तिच्या साड्या गेलेल्या, खिडक्यांचे जाड पडदेसुद्धा उतरवून नेलेले. औषधांचा वास बसला होता म्हणे. गादी आणि गोधड्या सफाईवाल्याला दिल्या, बाकी गाठोडं ताई स्वतःच्या घरी बोरिवलीला घेऊन गेली. मला न विचारता. तेव्हापासून मी ताईशी बोलायला फारसा उत्सुक नव्हतो.

परत येताना टेम्पोत मुलगीच म्हणाली, "हाच घेते विषय. खोलीत आवाज का घुमतो."

मी गप्प राहिलो. आवडलेल्या मालाबद्दल लगेच बोलायचं नाही ही माझी सवय, पण खरं म्हणजे मला तो विषय आवडलाच नव्हता. दुसरी पोरं आकाशातलं कृष्णविवर आणणार आणि आपण मुलुंडचा हॉल. मी म्हणालो, "जरा मोठं नाव तरी दे त्याला."

"मॅडम म्हणाल्या ना, मोठा नको."

तिने तिथूनच मेसेज केला. मॅडमचं उत्तर आलं, ते तिने वाचून दाखवलं. विषय मंजूर होता, पण नुसतं पुस्तकातलं सांगायचं नाही, स्वतः काहीतरी मोजून बघायचं, असं त्यांनी लिहिलं होतं.

तिने ठरवलं की घरात एक आवाज करायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते फोनवर रेकॉर्ड करायचं. एकदा घर आहे तसं असताना, एकदा भरपूर कापड टांगून. कडक भिंती आवाज परत फेकतात आणि जाड मऊ कापड तो पिऊन टाकतं, असं तिने मला समजावलं. "कुठलंही जाड कापड चालेल," ती म्हणाली.

"कुठलंही कशाला? होतं तेच आणतो."

"पप्पा, खरंच कुठलंही चालेल."

मी ऐकलं नाही. चौकट मोडली तर मी तिथे दुसऱ्या दाराची चौकट बसवत नाही. जोडीचाच तुकडा शोधतो. कदाचित तेच डोक्यात असेल. किंवा ताईकडे जायला मला एक कारण हवं होतं, भांडायला.

ताईचा नवरा लवकर गेला, मुलगा बंगळूरला असतो. ती बोरिवलीत एकटी राहते. बाहेरच्या माणसासमोर ती शहरातलं बोलते, माझ्यासमोर मध्येच मालवणीवर येते.

"खय होतंस इतके दिवस?" दार उघडत ती म्हणाली. "वाट चुकलास वाटतं."

मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. इमारतीचं रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय विचारलं. चहा घेतला. चहा संपत आल्यावर, काही विशेष नाही अशा आवाजात म्हणालो, "ते आमच्याकडचे जुने कपडे तुझ्या माळ्यावर उगाच जागा अडवत असतील. टेम्पो आणलाच आहे, तर घेऊन जातो."

"खयचे कपडे?"

"साड्या. पडदे. जुनाटच होते तसे, कुणाच्या उपयोगाचे नाहीत."

"उपयोगाचे नाहीत म्हणून तर दिले," ताई म्हणाली. "ते भांडीवालीला दिले, रे. कधीच."

दुपारच्या वेळी डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन एक बाई तिच्या वसाहतीत फिरते. जुने कपडे घेते आणि बदल्यात भांडी देते. आमच्या लहानपणी आईसुद्धा तिच्यासारख्याच एकीशी दारात तासन्‌तास हुज्जत घालायची.

"सगळे दिले?"

"सगळे. शालू तेवढा ठेवलाय, पोरीसाठी."

"मग तो दे."

"नाही. तू विकशील."

मी बशी खाली ठेवली. आणि मग मी जे विचारलं ते दुसऱ्या कुठल्या माणसाने विचारलं नसतं. मी म्हणालो, "काय दिलं तिने?"

ताई आत गेली आणि झाकणाचा एक मोठा डबा घेऊन आली, तांदूळ भरायला वापरतात तसला. मी तो हातात घेतला. अंगठ्याने बाजू दाबून पाहिली. पत्रा आत गेला आणि टक्‌ करून परत बाहेर आला.

"एवढ्या साड्यांवर हा? आणि पडद्यांचं काय दिलं?"

"त्यातच आलं सगळं."

"पडदे जाड होते, ताई. पडद्यांवर एक कढई तरी सुटायला हवी होती. तू तिला जाताना परत बोलावलंस की तिनेच तुला परत हाक मारली?"

"अरे मेल्या, बायकोच्या साड्या गेल्या त्याचं काही नाही आणि पत्रा कसला बघतोस?"

मी झाकण लावून पाहत होतो. ते सैल होतं. तेसुद्धा मी तिला दाखवलं.

"तूच फोनवर म्हणालेलास," ती म्हणाली. "म्हणालास, ताई, काय ते आवर, मला बघवत नाही."

मी असं म्हणालो असेन असं मला वाटत नाही. मी तिला तेच सांगितलं. तिने सांगितलं की मी म्हणालो होतो. असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी ती दमली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "घेऊन जा तो डबा. मी त्यात काही भरलेलं नाही. दोनदा तांदूळ ओतायला घेतले. नाही ओतवले."

मी डबा उचलला आणि खाली आलो. ती जिन्यापर्यंत आली नाही. टेम्पोत प्रत्येक गतिरोधकाला झाकण वाजत होतं, म्हणून मुलुंडपर्यंत मी एका हाताने ते दाबून धरलं.

घरी मुलीने विचारलं, "हे काय?"

"तुझ्या मम्मीच्या साड्या."

तिला सगळं सांगावं लागलं. भांडीवाली, ताई, पडदे. शालूचं सांगताना ताई काय म्हणाली तेही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. ती हसली असं मी म्हणणार नाही, पण तिने नाकातून हवा सोडली.

"साड्यांचा तसाही उपयोग नव्हता, पप्पा. त्या कपाटात असायच्या. बंद कपाटातल्या कपड्यांनी आवाजाला काही फरक पडत नाही. पडदे, गादी आणि गोधड्या, त्यांचा पडतो."

म्हणजे ज्या साड्यांवरून मी ताईशी भांडलो, त्यांचा या सगळ्याशी संबंधच नव्हता. मी सोफ्यावर बसलो. तिने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि डब्याच्या झाकणावर एक टोला दिला. मग मान तिरकी करून ऐकत उभी राहिली. परत एक टोला दिला.

"टाळी दर वेळी सारखी वाजत नाही," ती म्हणाली. "हा डबा चालेल मोजायला."

कापड शेवटी माझ्या गोदामातून आलं. काचा नेताना आम्ही त्या जुन्या जाड घोंगड्यांत गुंडाळतो. मी एका संध्याकाळी घोंगड्या टेम्पोत भरून घरी आणल्या. खिडक्यांवर, दारांवर, टीव्हीच्या कपाटावर, जिथे अडकतील तिथे आम्ही त्या अडकवल्या. पडद्यांचे रॉड अजून जागेवर होते. काचा बसवायच्या लांबीच्या आणि लाकडाच्या भुशाच्या वासाने घर भरून गेलं. ती शिंकत शिंकत फोन लावत होती आणि मला हलू नका म्हणून बजावत होती. मग तिने लाटणं मारलं.

आवाज आला आणि तिथेच संपला. आधी झाकण वाजलं की तो आवाज हॉलभर रेंगाळत जायचा. आता तो टेबलावरून खाली पडल्यासारखा बंद झाला. तिने फोनच्या पडद्यावर दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी लावून दाखवल्या. एकीला लांब शेपूट होतं, दुसरीला नव्हतं.

"काहीतरी बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"हेच. झालं."

माझा आवाज मला माझाच वाटला. गेल्या वर्षीपर्यंत त्या घरात मी ज्या आवाजात चहा मागायचो, तो. आता काहीतरी होईल म्हणून मी बसून राहिलो. झालं काही नाही. तीही समोर बसली होती आणि अगदी हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटत, स्वतःशी पाढे म्हणत होती. कशाला म्हणतेस विचारलं तर म्हणाली, ऐकू किती येतं ते बघतेय. सकाळी काचांचा माल निघायचा होता, म्हणून जेवणं झाल्यावर आम्ही घोंगड्या परत उतरवल्या.

प्रेझेंटेशनच्या दिवशी ती डबा पिशवीत घालून कॉलेजला गेली. पालकांना वर्गात जाता येत नाही. मी त्या दिवशी कुणाशी भांडलो नाही, एका गिऱ्हाईकाने सांगितला तो भाव मी घेऊन टाकला आणि नंतर त्याचा मला पश्चात्ताप झाला.

ती दुपारी आली. मी आधीच घरी येऊन बसलो होतो.

"बोललीस?"

"बोलले."

"दहा मिनिटं?"

"थोडी जास्तच झाली. मॅडमनी थांबवलं."

"मार्क?"

तिने सांगितले. मग मी कृष्णविवरवाल्याचे विचारले, तर ते जास्त होते. माझ्या डोक्यात सणकन गेलं. त्याने काय मोजलं होतं? कृष्णविवराजवळ जाऊन आला होता का तो? मी टेम्पोची किल्ली उचलली. मॅडमशी एकदा समोरासमोर बोलून घेऊ असं मी म्हणत होतो.

"बसा तुम्ही," ती म्हणाली.

तिच्या आईचा आवाज असा नव्हता आणि माझाही नाही. मी बसलो.

मला हे खटकत होतं की घर माझं, घोंगड्या माझ्या, डब्यासाठी बोरिवलीपर्यंत हेलपाटा माझा, आणि ऐकलं भलत्याच पोरांनी. मी तिला तसं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने पिशवीतून डबा काढला, टीव्हीसमोर उभी राहिली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"हा विषय मी का निवडला," ती म्हणाली. वर्गात म्हणाली असेल तसंच, समोरच्या भिंतीकडे बघून. "आमच्या घरातलं थोडं सामान एकदा कमी झालं. सामान थोडंच गेलं, पण आवाज खूप वाढला. असं का झालं ते मला समजून घ्यायचं होतं."

एवढंच. आईचं नाव नाही, बारावं नाही, आत्या नाही. मग भिंती, फरशी, कापड. तिने झाकण वाजवलं, आकृत्या दाखवल्या. थिएटरमधल्या भिंतींना मऊ अस्तर का असतं ते सांगितलं. मला निम्मं कळलं. पण ती न अडखळता बोलत होती आणि घर तिचा प्रत्येक शब्द परत करत होतं, त्याकडे तिने लक्ष दिलं नाही.

शेवटी तिने हात मागे बांधले. "काही प्रश्न?"

"वर्गात कुणी विचारले?"

"एकाने विचारलं, डबा कुठून आणला."

"काय सांगितलंस?"

"आत्याने दिला." ती थांबली. "तुम्हाला आहे का प्रश्न?"

मला एकच होता आणि तो धंद्याचाच होता. "कापड तेच लागतं की नवं चालतं?"

"जाड असलं की झालं. फिजिक्समध्ये जुनं-नवं काही नसतं."

"मग पडदे लावून टाकू. तसलेच बघतो, चॉकलेटी. दादरला मिळतील."

"चॉकलेटी नको."

"का?"

"मला ते कधीच आवडले नव्हते. निळे बघू आपण."

मला हे नवीन होतं. ते पडदे माझ्या बायकोने स्वतः निवडले होते आणि मी त्यांचा भाव करताना दुकानदाराला जवळजवळ रडवलं होतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मम्मीला बोलले होते की." ती डब्यात लाटणं ठेवून सैल झाकण बसवायला बघत होती. "ती म्हणाली, फाटू देत आधी, मग बदलू."

"फाटले नव्हते ते," मी म्हणालो. "ताईने नेले तेव्हा चांगले होते."

"नव्हते फाटले," ती म्हणाली.